इंजिनातला बदल विमा कंपनीला सांगायचा, पण कुठे?

प्रति,
माननीय अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण,
हैदराबाद



आपल्याच प्राधिकरणाच्या परवान्यावर मी अपघातग्रस्त गाड्यांचा सर्व्हे करतो. गाडी ठोकली, जळली किंवा पुरात बुडाली की ती पाहायला जायचे आणि काय मोडले, कशाने मोडले, भरपाई किती बसते हे लिहून द्यायचे, असे माझे काम. क्लेम मंजूर करायचा की फेटाळायचा हे कंपनी ठरवते. पण माझ्या रिपोर्टातली एखादी ओळच पुष्कळदा तो निकाल लावते. अलीकडे अशी एक ओळ मला वारंवार लिहावी लागते : ‘वाहनात मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल आढळला, पॉलिसीत त्याची नोंद नाही.’ ही ओळ लिहिताना माझा हात जड होतो, म्हणून हे पत्र. ते खुले ठेवले आहे, कारण गाडीमालकांनीही ते वाचावे असे मला वाटते.

नाशिक रस्त्यावरच्या एका गॅरेजात मागून चेपलेली एक हॅचबॅक पाहायला गेलो होतो. गाडी सिग्नलला उभी असताना टेम्पोने मागून धडक दिली होती. बंपर फुटलेला, डिकीचे दार आत गेलेले, फ्लोअरला घडी पडलेली. मेकॅनिकने पहार लावून डिकी उघडली तेव्हा आत सीएनजीची टाकी दिसली. पट्टे शाबूत होते, बोल्ट शाबूत होते, टाकी तसूभरही हललेली नव्हती, व्हॉल्व्हला गळती नव्हती. काम चांगल्या फिटरचे होते. पण आरसीवर इंधनापुढे ‘पेट्रोल’ एवढेच होते आणि पॉलिसीतही तेच. किट बसवणाऱ्याने बिल दिले होते, ‘पासिंगचे बघून घेऊ’ म्हणाला होता आणि ते राहून गेले होते. मालक शिकवण्या घेणारे गृहस्थ. त्यांनी मला विचारले, “साहेब, टेम्पो मागून आला. माझ्या गाडीत गॅसची टाकी होती की नव्हती, याचा त्याच्याशी काय संबंध?”

संबंध नव्हता. तसे मी रिपोर्टात लिहिले. तरीही त्यांच्या विमा कंपनीने क्लेम पूर्ण फेटाळला.

आता हिशेब पाहा. २००२ च्या इंडिया मोटर टॅरिफमध्ये सीएनजी आणि एलपीजी किटसाठी एंडोर्समेंटची, म्हणजे पॉलिसीला जोडायच्या नोंदीची, सोय आहे, क्रमांक २५. किटच्या किमतीवर ४ टक्के आणि थर्ड पार्टीसाठी ६० रुपये. स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर २००७ पासून कंपन्यांवर सोपवले गेले, तरी हा हिशेब आजही बहुतेक ठिकाणी याच धर्तीवर होतो. म्हणजे ५० हजारांच्या किटला २,००० रुपये अधिक ६० रुपये, वर कर. एवढ्या रकमेची नोंद झाली नाही म्हणून सबंध गाडीची भरपाई बुडते. शिक्षेचे हे प्रमाण कोणत्या तत्त्वात बसते, हा माझा आपल्याला पहिला प्रश्न आहे.

पण सगळेच बदल त्या सीएनजी टाकीसारखे निरुपद्रवी नसतात, आणि मी कंपन्यांच्या बाजूनेही तितक्याच कळकळीने बोलणार आहे. टर्बो डिझेल गाड्यांचा ‘रिमॅप’ हा आज शहराशहरांत चालणारा धंदा आहे. ईसीयू म्हणजे इंजिनाचा संगणक. किती डिझेल सोडायचे, केव्हा सोडायचे, टर्बोने किती दाब द्यायचा, टॉर्क कुठवर जाऊ द्यायचा, हे त्यातल्या तक्त्यांवर ठरते. लॅपटॉप जोडून ते तक्ते बदलले की गाडीची ताकद २० ते ३० टक्के वाढते असे विक्रेते सांगतात, आणि टर्बो डिझेलच्या बाबतीत ते फार फुगवून सांगत नाहीत. गाडी बाहेरून होती तशीच दिसते. ब्रेकही तेच, टायरही तेच, क्लचही तोच, कूलिंगही तेवढेच. कारखान्यात ताकद, ब्रेक आणि टायर यांचे जे गणित घालून दिलेले असते त्याची एकच बाजू वाढते. पिस्टनवर आणि टर्बोवर उष्णतेचा मारा वाढतो. खंबाटकी घाटात ओव्हरटेक करताना गाडी अपेक्षेपेक्षा झपकन पुढे जाते आणि उतारावर अपेक्षेइतकी लवकर थांबत नाही. अशी गाडी मूळ गाडीच्या प्रीमियमवर सांभाळा असे कंपनीला सांगणे अन्यायाचे आहे. तो वाढीव बोजा अखेर ज्यांनी गाडीला हात लावलेला नाही अशा बाकीच्या विमाधारकांवरच पडतो.

आगीच्या बाबतीत तर मी डोळ्यांनी पाहिले ते सांगतो. जळालेल्या गाडीच्या बॉनेटखाली शिल्लक राहते ती तांब्याची तार. एका गाडीत बॅटरीपासून निघालेल्या जोडतारेला फ्यूज नाही, जोड नुसता पिळून वर टेप गुंडाळलेला, ती टेप वितळून एक्झॉस्टच्या पत्र्याला चिकटलेली. सीएनजी किटचा रिड्यूसर आणि २०० बारच्या दाबाची नळी ठीक होती. गाडी पेटवली ती त्या टेप लावलेल्या जोडाने. त्या गाडीचा क्लेम नाकारला तेव्हा मला वाईट वाटले, पण तो निर्णय चूक होता असे मी म्हणणार नाही. मालकाने किट बसवताच कंपनीला कळवले असते, कंपनीने तपासणीला माणूस पाठवला असता, तर बॉनेट उघडताक्षणी ती तार त्याच्या नजरेस पडली असती. कळवण्याचा उपयोग कागदापुरता नसतो, तो असा असतो.

म्हणून सांगणे आवश्यकच आहे. अडचण आहे ती सांगायच्या जागेची.

पॉलिसी ऑनलाइन रिन्यू करताना गाडीचा नंबर टाकला की मागच्या वर्षीची माहिती आपोआप भरून येते. पेट्रोल की डिझेल हे आधीच निवडलेले असते. मी पाहिलेल्या बहुतेक रिन्युअल पानांवर सीएनजी किटसाठी एक चौकोन असतो. इंजिन, ईसीयू, टर्बो, सायलेन्सर यांत काही बदल केला आहे का, असा साधा प्रश्न कुठेच नसतो. मग प्रामाणिक माणूस कॉल सेंटरला फोन करतो. तिथला मुलगा त्याला दुसऱ्या विभागाकडे पाठवतो, तो विभाग ई-मेल करा म्हणतो, ई-मेलला तक्रार क्रमांक येतो आणि नंतर काहीच येत नाही. एजंटाला विचारावे तर तो म्हणतो, “कशाला सांगता? प्रीमियम वाढेल, नाहीतर पॉलिसीच काढून घेतील.” आपल्या हाताखालच्या बाजारात रोज दिला जाणारा सल्ला हा आहे. आणि खरे सांगितलेल्याला पोचही मिळत नाही म्हणून हा सल्ला टिकून आहे.

वास्तविक पॉलिसी काढून घेण्याची भीती आता उरायला नको. ११ जून २०२४ च्या आपल्या मास्टर परिपत्रकाने कंपनीला पॉलिसी मध्येच रद्द करण्याचा अधिकार फक्त फसवणूक सिद्ध झाली तरच ठेवला आहे, तोही किमान ७ दिवसांची नोटीस देऊन. स्वतःहून येऊन बदल सांगणारा माणूस फसवणूक कशी करील? हे परिपत्रक चांगले आहे, मी त्याचे मनापासून स्वागत केले होते. कागदपत्रांअभावी क्लेम फेटाळू नये, जे हवे ते विमा देतानाच मागून घ्यावे, हेही त्यातच आहे. हाच न्याय माहितीलाही लावा, एवढेच माझे म्हणणे. जे जाणून घ्यायचे ते विमा देताना विचारा. तेव्हा न विचारता गाडी मोडल्यावर शोधत बसू नका.

हे काही माझ्या मनचे नाही. ६ डिसेंबर २०२१ च्या मनमोहन नंदा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की महत्त्वाची बाब कोणती हे पॉलिसीचे स्वरूप, जोखीम आणि प्रस्ताव अर्जात विचारलेले प्रश्न यांवर ठरते. ते प्रकरण आरोग्य विम्याचे होते, पण तत्त्व मोटार विम्यालाही तंतोतंत लागू पडते. ब्रिटनने तर २०१२ साली कायदाच केला. सामान्य ग्राहकाने सगळे स्वतःहून सांगितले पाहिजे हे जुने ओझे काढून टाकले आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर वाजवी काळजी घेऊन खरे द्यावे, एवढेच कर्तव्य ठेवले. त्यानंतर तिथल्या विमा कंपन्यांना ‘गाडीत काही बदल केला आहे का’ हे स्पष्ट विचारण्यावाचून गत्यंतर उरले नाही. आपल्याकडे कायदा बदलायला वेळ लागेल. अर्ज बदलायला आपल्या एका परिपत्रकाइतकाच वेळ लागेल.

मोटार वाहन कायद्याची बाजू इथे सांगितली पाहिजे, कारण ती न समजल्याने मालक दोन्हीकडून अडकतात. १९८८ च्या कायद्याचे कलम ५२ सांगते की आरसीवरचा तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. इंधन बदलण्यासाठी मान्यताप्राप्त किट बसवणे हा त्याला अपवाद, तोही अटींवर. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र प्रकरणात या कलमाचा अर्थ कडकच लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ए आणले. नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ऑगस्ट २०२२ पासून बीएस-६ पेट्रोल गाड्यांनाही नंतर सीएनजी किट बसवून घेता येते. म्हणजे वाट मोकळी आहे, पण ती पुण्याची एआरएआय किंवा मानेसरची आयकॅट अशा संस्थेची मान्यता असलेल्या किटवरून आणि आरटीओच्या नोंदीवरूनच जाते. ईसीयूचे रिमॅपिंग, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणे, डिझेलचा डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर काढून टाकणे या गोष्टी त्या वाटेवर येतच नाहीत. बुलेटच्या आवाजी सायलेन्सरांवर आपल्याकडच्या कितीतरी शहरांत पोलिसांनी रोडरोलर फिरवला. तो सायलेन्सर बसवणाऱ्यांपैकी कितीजणांना ठाऊक असेल की त्या बदलाने आपल्या विम्याबाबतही कंपनीला हरकत घेण्याचे कारण मिळते?

इंजिन पूर्ण बदलणे ही तर वेगळीच गोष्ट. जुन्या पेट्रोल जीपला डिझेल इंजिन बसवण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे आणि त्यातले बरेच काम हौसेने, नेटकेपणाने केलेले असते. पण इंजिन नंबर बदलला की पॉलिसी ज्या गाडीची आहे ती हीच गाडी, हे सिद्ध करणेच कठीण होते. मंजुरीशिवाय इंजिन बदलले असेल तर मालकाने १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावे, असे कलम ५२ मध्येच लिहिले आहे. ते कळवले आणि विमा कंपनीला कळवले नाही, तरी अडचण तेवढीच. मला अशी गाडी दिसली की आधी चॉक घेऊन इंजिन ब्लॉकवरचा नंबर घासून वाचतो, मग पॉलिसी पाहतो. दोन्ही जुळले तर पुढचे काम सोपे होते.

या सगळ्यात ज्याचा काहीच दोष नाही तो असतो रस्त्यावरचा माणूस. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० खाली विमा कंपनीला कोर्टात जे थोडे बचाव घेता येतात त्यांत महत्त्वाची बाब लपवून पॉलिसी घेतली होती, हाही एक आहे. पुष्कळदा न्यायालय कंपनीला आधी पैसे भरायला लावते आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगते, त्यामुळे जखमीला निदान पैसे तरी मिळतात. पण तोवर वर्षे जातात. आणि ज्याने हौसेखातर गाडी ‘ट्यून’ करून घेतली त्या तरुणाच्या घरावर वसुलीची नोटीस येते तेव्हा त्याला पहिल्यांदा कळते की आपण कंपनीला काहीतरी सांगायला हवे होते.

माझ्या विनंतीतला सगळ्यात मोठा भाग आहे एक प्रश्न. प्रत्येक प्रस्ताव अर्जात आणि प्रत्येक रिन्युअलच्या पानावर, ग्राहक निवडेल त्या भाषेत, तो असा असावा : ‘गाडी शोरूममधून आली तेव्हापासून इंजिन, इंधन, ईसीयू, टर्बो, एअर फिल्टर, सायलेन्सर यांपैकी कशातही बदल केला आहे का? केला असल्यास कोणता, कधी, आणि आरसीवर त्याची नोंद आहे का?’ उत्तर आपोआप भरून येऊ नये, दरवर्षी माणसाने स्वतः द्यावे. गाडी जुनी विकत घेतली असेल तर ‘आधीच्या मालकाने केलेले मला माहीत नाही’ असाही पर्याय त्यात असावा. सेकंडहँड गाडी घेणाऱ्याला रिमॅप कसा दिसणार? काही ईसीयूंमध्ये किती वेळा लेखन झाले याचा आकडा राहतो, पण तो वाचायला वर्कशॉपचे यंत्र लागते. ज्याला माहीत असण्याची शक्यताच नाही त्याला लपवल्याचा दोष देऊ नये.

आणि उत्तर दिल्यावर पुढे काय होईल हे ग्राहकाला आधी कळले पाहिजे. कंपनीने ठरलेल्या मुदतीत लेखी सांगावे : बदल जास्त प्रीमियमशिवाय मान्य, इतक्या जादा प्रीमियमवर मान्य, आरटीओची नोंद आणल्यावर मान्य, किंवा हा बदल असेपर्यंत स्वतःच्या नुकसानीचा विमा देता येणार नाही. शेवटचे उत्तर कटू असले तरी चालेल. ते वेळेत मिळाले तर माणूस मूळ सायलेन्सर परत बसवील, ईसीयूचे मूळ तक्ते परत टाकून घेईल. मुदतीत उत्तर आले नाही तर बदल मान्य झाला असे धरावे. असे केले नाही तर कंपन्या गप्प बसतील आणि क्लेम आल्यावर बोलतील.

दुसरी मागणी माझ्याच व्यवसायाबद्दल आहे. न नोंदवलेला बदल आढळला तर सर्व्हेअरने त्या बदलाचा नुकसानीशी संबंध आहे की नाही, असल्यास कसा, हे कारणांसह लिहिणे बंधनकारक करा. आज हा रकाना रिकामा राहतो किंवा ‘शक्यता नाकारता येत नाही’ असे लिहून वेळ मारून नेली जाते. आमच्या लोकांना हे आवडणार नाही, पण आम्हाला परवाना मिळतो तो हे सांगण्यासाठीच. संबंध नसेल तिथे क्लेम पूर्ण फेटाळण्याची मुभाच नसावी. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली अमलेंदु साहू प्रकरणात गाडीच्या वापराबाबतची अट मोडलेली असतानाही ७५ टक्के भरपाईचा ‘नॉन-स्टँडर्ड’ मार्ग मान्य केला होता. शिकवण्या घेणाऱ्या त्या गृहस्थांना तेवढे तरी मिळायला हवे होते. विमा लोकपालाकडे जा, मुंबईत आणि पुण्यात कार्यालये आहेत, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, आता पुरे.

भीती किती लवकर पसरते हे ऑगस्ट २०२५ मध्ये दिसलेच. ई-२० पेट्रोल वापरले तर विमा मिळणार नाही अशी चर्चा उठली आणि पेट्रोलियम मंत्रालयाला खुलासा करावा लागला की विम्यावर परिणाम होत नाही. पंपावर मिळणारे इंधन भरल्यानेही विमा जाईल असे लोकांना वाटते, कारण मोटार विम्यात नेमके कशाने काय जाते हे त्यांना कोणी सरळ सांगितलेलेच नाही.

गाडीमालकांना माझे सांगणे आहे की प्राधिकरण काय करते याची वाट पाहू नका. किट बसवायचे ठरले की आधी किटचे मान्यतापत्र आणि टाकीचे प्रमाणपत्र मागा, ते नसेल तर त्या दुकानातून बाहेर पडा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमती घ्या. आरसीवर इंधनाची नोंद झाली की त्याच आठवड्यात कंपनीला ई-मेल करा, बिल जोडा, आणि एंडोर्समेंटचा कागद हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. ‘कळवले होते’ हे तोंडी सांगून चालत नाही, मी त्यावर काहीच लिहू शकत नाही. टाकीची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी करून घ्या. रिमॅप केला असेल तर तो काढून टाका, किंवा कंपनीकडून लेखी उत्तर मिळेपर्यंत ती गाडी घाटात नेऊ नका.

माननीय अध्यक्ष, किट बसवणारे आणि ट्यूनिंग करणारे आपल्या अखत्यारीत येत नाहीत, आरटीओही येत नाही. अर्ज मात्र येतो, रिन्युअलचे पान येते, सर्व्हेअरच्या रिपोर्टाचा नमुना येतो. येत्या आर्थिक वर्षाच्या रिन्युअलआधी या तिन्हींत बदल करावा, ही विनंती. नव्या नमुन्याचा मसुदा तयार करायला माझ्यासारख्या क्षेत्रात काम करणाऱ्या सर्व्हेअरांना बोलावले, तर मी माझ्या खर्चाने हैदराबादला येईन आणि जळालेल्या तारांचे, चेपलेल्या डिक्यांचे फोटो बरोबर आणीन.

कळावे,

आपला विश्वासू,
महाराष्ट्रातला एक मोटार विमा सर्व्हेअर